दोन केसांचा पाऊस

१२ मे १९७७. कुरडयांचा चीक पहाटेच शिजवून झाला होता आणि मी शिरूरच्या आमच्या गच्चीवर जुनं धोतर अंथरून सोऱ्यानं कुरडया घालत होते. हे काम आठाच्या आत उरकावं लागतं, नाहीतर चीक सोऱ्यातच आळतो आणि मग माणूस चिकावर नाही, नशिबावर चिडतं. निम्मं धोतर भरलं असेल, तेवढ्यात माझ्या नणंदेचे यजमान जिना चढून वर आले. पहिल्या एसटीनं दौंडहून आले होते. हातात पत्र्याचा गोल डबा, तोही तुपाचा असल्यासारखा दोन्ही हातांनी धरलेला. ‘कशा आहात’ नाही, ‘पाणी द्या’ नाही. म्हणाले, "वहिनी, आज सांजच्याला लावायचं. आबा व्हय म्हनले." त्यांच्यामागून वन्सं, म्हणजे माझी नणंद, धापा टाकत आल्या आणि पिशवी ठेवून म्हणाल्या, "घरातला नळ सहा महिने गळतोय, तो दिसत न्हाई. ह्यांचा पाऊस बघायला मला शिरूरला आणलं."

या गृहस्थांना आमच्याकडे सगळे दाजी म्हणतात. मी त्यांना बावीस वर्षं ओळखते आणि जबाबदारीनं सांगते, की भीमा आणि घोड या दोन नद्यांच्या मधल्या मुलखात त्यांच्याइतका चिवट माणूस झालेला नाही. चिवट माणसं मी शाळेत रोज पाहते. मी प्राथमिक शिक्षिका आहे. माझ्या वर्गात सात महिने ‘ळ’ उलटा काढणारी मुलगी होती. पण ती शेवटी वळली. दाजी वळत नाहीत. त्या डब्यात दीड मिनिटाची फिल्म होती. तिच्यावर दाजींनी स्वतःच्या हातानं, नखाएवढी नखाएवढी, दोन हजारांवर चित्रं काढली होती. त्याला पूर्ण एक वर्ष लागलं होतं, आणि तशी दुसरी प्रत जगात नव्हती. नदीकाठच्या मैदानातला आबांचा सिनेमाचा तंबू त्या आठवड्यात कायमचा उठणार होता, मशीन विकलं गेलं होतं. म्हणजे लागली तर आज, नाहीतर डबा माळ्यावर. असा सगळा मामला होता आणि तो मला माझे हात चिकात असताना सांगितला जात होता.

दाजी दौंडला रेल्वेत पेंटर. मालगाडीच्या डब्यांवर जे पांढरे आकडे असतात ते रंगवायचं त्यांचं काम. हात इतका सरळ, की पट्टीनं त्यांच्याकडून शिकावं. फावल्या वेळात ते आमच्या शिरूरच्या तंबूसाठी जाहिरातीच्या काचा रंगवून देत. मध्यंतरात पडद्यावर ‘अमक्यांचे कापड दुकान, तमक्यांचे केशतेल’ असं दिसतं ना, त्या काचा. तंबूचे मालक आबा स्वतःच मशीन चालवत आणि स्वतःच तिकिटं फाडत. दोघांचं मेतकूट जमलं. इथवर सगळं ठीक होतं. माणसाला एखादा छंद असावा, घरात लुडबुड कमी होते.

बिघडलं ते दुष्काळाच्या साली. त्या वर्षी आमच्या भागात आभाळ पातेल्याच्या बुडासारखं कोरडं होतं. दौंडच्या एका पंपाच्या दुकानात कुणा परदेशी कंपनीचं जपानी कॅलेंडर टांगलेलं होतं. त्यातल्या जून महिन्याच्या पानावर लाकडी पूल, पुलावर डोक्यावर टोप्या धरून घाईनं चाललेली माणसं, आणि वरून खालपर्यंत बारीक, काळा, तिरपा पाऊस. खाली इंग्रजीत लिहिलं होतं, की ही जुन्या काळातली लाकडावर कोरून छापलेली चित्रं आहेत. ते पुढे मी दाजींना वाचून दाखवलं. सारा तालुका टँकरपुढे रांगेत उभा असताना दाजी ड्यूटी संपली की त्या दुकानात जाऊन पाऊस बघत उभे राहत. जुलै लागला, दुकानदारानं पान उलटलं. दाजींनी पुढे होऊन ते परत जूनवर आणलं. ऑगस्टातही जून, दिवाळीतही जून. शेवटी दुकानदार हात जोडून म्हणाला, "पेंटर, डिसेंबर संपू द्या, अख्खं कॅलेंडर तुमचं. तवर मला तारीख बघू द्या." एकतीस डिसेंबरला संध्याकाळी दाजी पेढे घेऊन गेले आणि ते कॅलेंडर मुलगी मागून आणावी तसं घरी घेऊन आले.

त्या दिवसापासून त्यांना एकच वेड. "वहिनी, जपानी मानूस समदं काढत न्हाई. निम्मं काढतो, निम्मं सोडून देतो. आभाळ काढलंय का ह्यात? न्हाई. कागद तसाच ठिवलाय. आन् बघनारा म्हनतो, काय आभाळ हाय!" हे सोडून देणं त्यांनी इतकं मनावर घेतलं, की घरात राहणं कठीण झालं. दिवाळीला वन्संनी रांगोळी काढायला सांगितली, तर सारवलेल्या अंगणाच्या एका कोपऱ्यात एक वाकडी रेघ आणि तिच्या टोकाला एक ठिपका. बाकी अंगण मोकळं. "ही पाण्याकाठची लव्हाळी," म्हणाले. वन्सं म्हणाल्या, "लक्ष्मीला वाटंल ह्या घरात रांगोळी संपली." जेवताना ते भाजी ताटाच्या एका कडेला घेत आणि उरलेल्या पितळेकडे समाधानानं पाहत. शिरूरच्या एका खतवाल्याची काच रंगवायला घेतली, तर सगळी काच कोरी, खाली उजवीकडे बोटभर पोतं आणि पोत्यावर एक कावळा. खतवाला तंबूत येऊन भांडला, "मी अख्ख्या काचेची जाहिरात दिली होती, कोपऱ्याची न्हाई!" दाजींनी शांतपणे विचारलं, "तुमचं पोतं दिसलं का लोकांना?" खतवाला म्हणाला, "दिसलं." "मग? गर्दीत ठिवलं आसतं तर हारवलं आसतं." खतवाल्यानं पुढच्या आठवड्यात काच बदलून घेतली, पण गावात अजून त्याला कावळेवाला म्हणतात.

त्या चित्रांच्या कोपऱ्यात एक लाल चौकोनी शिक्का असे. मी सांगितलं, ती चित्रकाराची सही असणार. दाजी म्हणाले, "आसंल. पर ती काढली तर चित्र कलंडतं." आणि तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक कामात खाली लाल चौकोन येऊ लागला. वन्संनी पिठाच्या डब्यावर नाव घालून मागितलं, त्यावरही. चार दिवस त्या रंगाचा पोपडा आहे म्हणून तो नखानं खरवडत होत्या.

चित्र हलतं कसं, हे मात्र त्यांना कुणी शिकवलं नाही, ते रेल्वेनं शिकवलं. डबे संथ पुढे सरकत असताना ते फाटकाजवळच्या खोपटात चहा पीत बसले होते. दाराच्या फटीतून एकेक डबा क्षणभर दिसे आणि जाई. त्यांनीच घातलेले आकडे. एखादा जरा वर, एखादा जरा खाली. फटीतून बघता बघता तो आकडा उड्या मारायला लागला. दुसरा कुणी असता तर डोळे तपासून आला असता. दाजींनी उभ्या मालगाडीच्या चाळीस डब्यांवर, आकड्यांच्या शेजारी, चाळीस चिमण्या काढल्या. एकीचे पंख वर, पुढचीचे जरा खाली, तिच्या पुढचीचे आणखी खाली. गाडी हलली, दाजी फटीला डोळा लावून बसले आणि चिमणी उडाली. यार्डातले गँगमन म्हणे रांग लावून बघून गेले. मग साहेबांनी बोलावलं.

"हे काय आहे?"

"चिमणी, साहेब."

"डब्यावर चिमणी कशासाठी?"

"डब्यावर न्हाई, साहेब, गाडीवर हाय. एका डब्यावर बघितली तर नुस्ती बसल्यावानी दिसंल."

साहेबांनी मेमो दिला आणि सगळ्या चिमण्या पुसायचा हुकूम दिला. पण तोवर गाडीचे डबे सुटे होऊन चार दिशांना गेले होते. यार्डात अकराच सापडले. उरलेली चिमणी तुकड्यातुकड्यांनी देशभर हिंडत राहिली. मधूनच दाजींचं पत्र येई, ‘काल सोलापूरकडून एक पंख परत आला. रंग चांगला राहिला आहे.’

पुढची पायरी सरळच होती. आबांकडे तुटलेल्या फिल्मचे तुकडे पडलेले असत. ते दाजी शिरूरला आमच्याकडे घेऊन येत, कारण वन्संनी दौंडच्या घरात ते तुकडे धुवायला बंदी केली होती. माझ्या घंगाळात कडकडीत पाणी, त्यात धुण्याचा सोडा, त्यात फिल्म. अर्ध्या तासात दोन नायक, एक खलनायक आणि अख्खं लग्न विरघळून पाणी काळं होई आणि हातात काचेसारखी स्वच्छ पट्टी राही. ती आमच्या दोरीवर वाळत घातली, की शेजारणी विचारायच्या, "बाई, ह्या कसल्या शेवया?" मग डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावून, दोन केसांच्या ब्रशानं, दाजी त्या पट्टीवर एकेक चौकट भरत. एका सेकंदाला चोवीस चित्रं लागतात. हे कळल्यापासून त्यांनी घड्याळ वापरणं सोडलं. मी दार उघडायला गेले की म्हणत, "वहिनी, कडी काढायला आठ्ठेचाळीस चित्रं लावलीत." माझ्या पुतणीच्या लग्नात नवऱ्या मुलानं हार घातल्यावर हे पुढे झाले आणि म्हणाले, "जावईबापू, काढा आन् परत घाला. मनगट कसं वळलं ते दिसलं न्हाई." त्या बिचाऱ्यानं घातलासुद्धा. व्याह्यांना वाटलं, आमच्याकडची पद्धत आहे.

मी व्यवहारी बाई आहे. मी दाजींना दोन सूचना केल्या. पहिली या डब्यातल्या फिल्मच्या वेळी केली, की जपानी लोक जर ठसे करत होते, तर तुम्हीही माणसाचा एक ठसा कोरा आणि दोन हजार वेळा मारा, हात तरी वाचेल. त्यांनी रबराचा बारीक ठसा कोरून पाहिला आणि आठवड्यानं येऊन सांगितलं, "ठशाचा मानूस नुस्ता सरकतो, वहिनी. हाताचा हालतो. हातानं दोन रेघा कवा सारक्या येत न्हाईत, थोडी थरथर ऱ्हाती. उभा ऱ्हायला तरी तो जिता दिसतो." दुसरी सूचना रंगाची होती. डिंकात खललेली शाई फिल्मवर धरत नसे. मशीनमधून एकदा गेली की तिचे पापुद्रे सुटत. रेल्वेचा तैलरंग पक्का बसे, पण त्याची रेघ जाड येई. मी म्हटलं, पक्का रंग वापरा, केलेलं टिकेल तरी. दाजी म्हणाले, "टिकंल की. पर पावसाच्या जागी रूळ टिकतील." आणि त्यांनी डिंकाचीच शाई धरली.

पहिली फिल्म त्यांनी गेल्या वर्षी, म्हणजे शहात्तरच्या मे महिन्यात, तंबूत लावली. तीत कॅलेंडरसारखाच पूल होता आणि पाऊस. नुसता पाऊस, पुलावर कुणी नाही. मध्यंतरात जाहिराती संपल्या आणि पडदा उजळला. कोरं आभाळ, खाली पुलाची एक कमान, आणि वरून खाली धावणाऱ्या काळ्या बारीक रेघा. मला आवडलं, मी उगाच खोटं बोलणार नाही. पण आमच्या तंबूत येणाऱ्या फिल्मा महाराष्ट्रभर घासून मग आमच्याकडे येत. पडद्यावर काळ्या उभ्या रेघा आम्ही जन्मभर पाहिलेल्या. नायिका हसली तरी तिच्या तोंडावर रेघा, देव प्रगटला तरी रेघा. त्यामुळे लोकांना वाटलं, फिल्म खराब आहे. शिट्ट्या सुरू झाल्या. "आबा, पट्टी घासली! बदला की!" "आवो, ह्याच्यावर चित्र ऱ्हायलं न्हाई, नुस्त्या रेघा हायत्या!" आबांचा हात सवयीनं मशीनवर गेला आणि त्यांनी बंद केलं. दाजींचा आठ महिन्यांचा पाऊस चाळीस सेकंदांत थांबला, आणि ओढून काढताना निम्मा खरवडला गेला.

मला वाटलं होतं, आता हे वेड जाईल. वन्संनी तर दाजी घरी आल्या आल्या त्यांच्या हातात गळका नळ दिला. पण चौथ्या दिवशी दाजी आमच्या दारात उभे. चेहऱ्यावर राग नाही, रुसवा नाही. "वहिनी, लोक बरूबर हायती. त्यांना पाऊस दिसला न्हाई, त्यात त्यांची चूक न्हाई. आता कसं दाखवू सांगा."

मी तेव्हा वह्या तपासत होते. मान वर न करता म्हटलं, "दाजी, पाऊस कुणाला दिसतो? पावसात माणूस काय करतं ते दिसतं. तुमच्या पुलावर कुणी भिजतच नाही."

"मग छत्रीवाला काढू?"

"छत्री कुणाकडे आहे इथे? वळवाची सर आली की बाई आधी काय करते? स्वतः आडोशाला जाते? नाही. वाळत घातलेलं उचलते. ते उचलेपर्यंत स्वतः भिजते."

दाजी दारातच उभे राहिले. बराच वेळ. चोवीसाच्या हिशेबात किती चित्रं ते मी मोजलं नाही. मग म्हणाले, "चला गच्चीवर."

पुढचा तास मी माझ्या आयुष्यातल्या मूर्खपणाच्या तासांत पहिल्या क्रमांकावर ठेवते. भर उन्हात, ढगाचा पत्ता नसताना, मी गच्चीवर धोतर अंथरून वर बघायची, दचकायची, वाकायची, धोतराचे कोपरे गोळा करायची आणि जिन्याकडे पळायची. दाजी भिंतीला टेकून वहीत रेघा मारत. "आजून एकदा, वहिनी. पदर आधी का हात आधी ते दिसलं न्हाई." "वहिनी, दचकला न्हाईत. शाळा तपासनी आल्यावानी दचका." चाळीस वेळा तरी वाकले असेन. शेजारच्या गच्चीवरच्या काकू शेवटी न राहवून म्हणाल्या, "बाई, काही हरवलंय का?" त्या रात्री कमरेला शेक घेताना आमच्या घरचे म्हणाले, "तू एवढी सिनेमात जाशील असं वाटलं नव्हतं."

तिथून पुढे वर्षभर दाजी ड्यूटीच्या आधी दोन तास आणि नंतर तीन तास ती बाई काढत होते. पूल गेला. उरली कोरी गच्ची, म्हणजे एक आडवी रेघ. बाई सहा रेघांची. मी मोजल्या आहेत: डोकं, पाठ, पदर, हात, लुगड्याचा घोळ आणि पाय. आणि पाऊस. सुट्टीत शिरूरला आले, की ते मला भिंगातून दाखवत, आणि मी दर वेळी विचारत असे, हिला नाक का नाही. ते म्हणत, "तुमाला हाय की. तेवढं पुरं."

तर त्या दिवशी, बारा मेला, मी संध्याकाळचा स्वयंपाक लवकर उरकला आणि वन्संना घेऊन साडेसातच्या खेळाला तंबूत गेले. त्या यायला तयार नव्हत्या. "लोक हसले म्हंजी मी कुठं तोंड लपवू? तुमी तरी मास्तरीन हाय, लोक तुमाला भेतात." मी म्हटलं, "तुम्ही माझ्या शेजारी बसा. हसले तर मी उभी राहीन." खरोखर उभी राहणार होते. त्या तंबूतले निम्मे पुरुष आमच्याच शाळेत पाढे शिकलेले. आम्ही बायकांच्या बाजूला, अगदी मागे, सतरंजी टाकून बसलो. पाठीशीच आबांचा ट्रक होता, त्यात मशीन, आणि मशीनशेजारी दाजी. त्यांनी सदऱ्याला इस्त्री केली होती. पाठीत सुरकुती राहिली होती, पण केली होती.

मध्यंतर झालं. कापड दुकान, केशतेल, विडी. मग पडदा पांढरा झाला. खालच्या कोपऱ्यात लाल चौकोन थरथरत उभा राहिला. पुरुषांच्या बाजूनं कुणीतरी ओरडलं, "सरकारी शिक्का पडला, आता पिक्चर नक्की!" हशा झाला. वन्संनी माझा दंड धरला. मग बाई आली. सहा रेघांची, नाक नसलेली. धोतर अंथरलं, बसली, सोऱ्या फिरवायला लागली. आणि तंबू आपसूक गप्प झाला, कारण मे महिन्यात प्रत्येक घरी हेच चाललेलं. बाईनं वर पाहिलं. एक रेघ पडली. एकच. बाई थांबली. दुसरी रेघ, तिसरी, आणि मग सगळं आभाळ रेघांनी भरलं.

"आगं, उचल!" माझ्या पुढची एक म्हातारी ओरडली. "आगं सटवे, बघती काय, उचल!"

बाई वाकली. एक कोपरा धरला, दुसरा धरला. सगळी बायकांची बाजू उठून उभी. "पल्याडचा कोपरा!" "आधी मधलं धर, मधलं!" "पदर राहू दे गं, कुरडया बघ!" लेकुरवाळ्या पोरं मांडीवरून खाली ठेवून हातवारे करत होत्या. बाईनं गोळा केलं, पोटाशी धरलं आणि पडद्याबाहेर पळाली. मागे कोऱ्या गच्चीवर एक कुरडई तेवढी भिजत राहिली, आणि पाऊस. सरळ, बारीक, दोन केसांचा पाऊस. पट्टी घासली, असं कुणीही म्हणालं नाही.

मग पुरुषांची बाजू पेटली. "वन्स मोर!" नाण्यांऐवजी टोप्या उडाल्या. ट्रकमध्ये आबा हळूच बोलले, पण मला ऐकू आलं. "पेंटर, रंग गळतोय. मशीनच्या दारात समदी भुकटी साचली. परत लावली तर जाईल."

दाजी म्हणाले, "मग ठिवून काय करू? लोनचं घालू? लावा."

दुसऱ्या वेळी बाईचा पदर नव्हता आणि पाऊस विरळ होता. तरी आरडाओरडा तेवढाच. तिसऱ्या वेळी लाल चौकोन गेला, गच्ची गेली. बाईचं डोकं एकदा दिसलं, एकदा हात दिसला, आणि मग पडद्यावर नुसता पांढरा उजेड आणि कुठे कुठे एखादी रेघ. बाई राहिलीच नव्हती. आणि आमच्या बायका त्या कोऱ्या पडद्याकडे बघून ओरडत होत्या, "पल्याडचा कोपरा! आगं, पल्याडचा!" त्यांना ती दिसत होती. मी वळून ट्रककडे पाहिलं. दाजी पडद्याकडे बघत नव्हते. ते बायकांकडे बघत होते.

घरी जाताना वन्संचा घसा बसलेला होता. हो, त्याही ओरडल्या होत्या. वळणावर मला म्हणाल्या, "वहिनी, राग मानू नका. धोतर तुमचं हाय, गच्ची तुमची हाय. पर वाकनं माझं हाय. डावा हात कमरेवर ठिवून. धाकटीच्या टायमाला पाठ धरली, तवापासनं मी तशी वाकती. तुमी तशा वाकत न्हाई."

मी आठवून पाहिलं. खरं होतं. मी चाळीस वेळा वाकले ते त्या माणसानं वहीत घेतलं, दौंडला नेलं आणि टाकून दिलं. चार पावलं मला राग आला. पाचव्या पावलाला गेला.

घरी दाजी जेवायला बसले. वन्संनी वाढलं. तोंडातून कौतुकाचा शब्द नाही; आमच्याकडे ती पद्धत नाही. आमटी वाढता वाढता एवढंच म्हणाल्या, "त्या बाईची एक कुरडई ऱ्हायली खाली."

"मुद्दाम ठिवली."

"माझी कवा ऱ्हायली होती?"

दाजी जेवायचे थांबले. मग खाली मान घालून म्हणाले, "पुढच्या टायमाला उचलतो." पुढच्या वेळी कुठलं मशीन, कुठला तंबू, हे त्या खोलीत कुणीही विचारलं नाही. मीसुद्धा नाही, आणि असले प्रश्न विचारणं हा माझा धंदा आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांना दौंडच्या गाडीत बसवून दिलं आणि मी परस्पर नदीकाठच्या मैदानाकडे वळले. तंबूचं कापड उतरलं होतं, नुसते बांबू उभे होते. आबा ट्रकमध्ये मशीन पुसत होते. नवा मालक दुपारी यायचा होता. फिल्म जिथून सरकते ते लहानसं दार त्यांनी उघडलं, तर आत काळी, मऊ भुकटी साचलेली. चिमूटभर. मध्ये कुठे लाल कण. "तुमच्या दाजींचा पाऊस, बाई," आबा म्हणाले, आणि मी तोंड उघडायच्या आत त्यांनी सवयीनं जोरात फुंकर मारली. मी हातात वर्तमानपत्राचा एक चौकोनी कागद दुमडून नेला होता. आबांनी त्याकडे पाहिलं आणि विचारलं, "काही न्यायचं होतं का?" मी म्हटलं, "छे. बाजारात निघालेय." मग बाजारात जावंच लागलं. त्या कागदात शंभर ग्रॅम जिरं बांधून घेतलं आणि घरी आले.